मल्हारीचं ‘मग?’

मल्हारीला कुठलीही गोष्ट अर्धी सांगून चालत नसे. ‘मी शाळेत जातो’ म्हटलं, की तो विचारी, “मग?” मग मुलांना शिकवतो. “मग?” मग घरी येतो. “मग?” मग जेवतो. इथं मात्र तो थांबे. माणूस जेवणापर्यंत सुखरूप पोचला, की त्याची काळजी मिटे. माझी एवढी उलटतपासणी कुठल्या साहेबानंही घेतली नाही. घेतली असती, तर मी जेवणापर्यंत पोचलो असतो की नाही, याची मला शंका आहे.

अणदूरला माझी बदली झाली, तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात येऊन फार दिवस झाले नव्हते. मी एकटा जीव. खंडोबाच्या देवळाजवळ पुजाऱ्यांच्या घरात खोली मिळाली आणि दोन वेळचं जेवणही तिथंच ठरलं. ट्रंक खाली ठेवतोय, तोच पंधरा-सोळा वर्षांचा एक उंच, हडकुळा मुलगा दारात येऊन उभा राहिला. माझ्याकडे न बघता, ट्रंकेच्या कडीकडे बघत त्यानं विचारलं, “किती दिस ऱ्हानार?”

“बघू,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पोट धरून तो उंबऱ्यावरच बसला. त्याची आई, गिरिजाकाकू, आतून धावत आली. “गुर्जी, त्येला बघू म्हनू नका. व्हय म्हना, न्हायतर न्हाय म्हना. बघू म्हनलं, की त्येच्या पोटात कळ येती.”

मी सरकारी नोकर. माझी सगळी नोकरी ‘बघू’ या एका शब्दावर चालली होती. तो सोडायचा म्हणजे मला बोलण्यासारखं फारसं काही उरणार नव्हतं.

अशा मुलांना आता डॉक्टर स्वमग्न म्हणतात. तेव्हा गावात त्याच्यासाठी बरेच शब्द होते आणि त्यातले बहुतेक इथं लिहिण्यासारखे नाहीत. काकू एवढंच म्हणत, “त्येचं जरा येगळं हाय.” शाळा त्यानं कधीच सोडली होती. सकाळी देवाच्या अंघोळीसाठी घागर आणायची, भंडाऱ्याची परात पुसायची आणि ठरलेल्या खांबाला टेकून बसायचं, हा त्याचा दिवस. यात काही मागंपुढं झालं, की त्याचे हात थरथरत, घाम फुटे आणि पोटात कळ येई.

आणि अणदूरच्या देवाची रीतच अशी, की तो वर्षभर एका गावात राहत नाही. मार्गशीर्षात यात्रा झाली, की पालखीतून नळदुर्गाला जातो आणि तिथली पौषातली यात्रा आटोपून परत येतो. साऱ्या गावाला तो सोहळा असे, मल्हारीला मात्र संकट. देव गेला, की घागर गेली, परात गेली, खांबही परका झाला. तो जेवण सोडी. बळेच चार घास भरवले, तर ते पोटात ठरत नसत. मागच्या साली तर त्याला अंथरुणावरून धरून उठवावं लागलं होतं. सोलापूरच्या डॉक्टरांना पोटात काही सापडलं नव्हतं. “औंदा ह्ये पोरगं तग धरंल का न्हाय, देवालाच ठावं,” काकू एकदा ज्वारी पाखडता पाखडता म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता, म्हणूनच मला भीती वाटली.

मी शिकलेला माणूस, तेव्हा इलाज करणं मला भागच होतं. ओवा दिला, लिंबाचा रस दिला, एका वैद्याचं चूर्ण आणलं. मल्हारीनं चूर्णाचा वास घेतला आणि पुडी माझ्याच उशाशी नेऊन ठेवली. मग मी खंडोबाची तसबीर आणून भिंतीवर लावली. “हा बघ, हा कुठंच जात नाही,” मी विजयी मुद्रेनं म्हणालो.

त्यानं तसबिरीच्या काचेवरून बोट फिरवलं. “ह्यो आंगुळ कुटं करतो?”

तसबिरीला घागर लागत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

अशात शाळेची तपासणी निघाली. साहेब येणार, पण कधी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माझं पोट असं बिघडलं, की सकाळपासून मी टमरेल घेऊन ओढ्याकडे जातोय आणि परत येतोय. हात इतके कापत होते, की टमरेलातलं निम्मं पाणी वाटेतच सांडे. मल्हारी देवळाच्या पायरीवर बसून माझ्या खेपा बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, “गुर्जी, तुमचा बी देव गेला का?”

मी टमरेलासकट तिथंच उभा राहिलो. वैद्याचं चूर्ण तोवर मीच संपवलं होतं आणि त्यानं मलाही गुण आला नव्हता. येणार कसा? पुढं काय होणार ते कळत नाही, हे माझं दुखणं होतं. मल्हारीचंही तेच होतं. फक्त तो सरळ ‘मग?’ म्हणून विचारत होता आणि मी ओढ्याकडे पळत होतो.

साहेब आले आणि चहा पिऊन गेले. त्यानंतर मी औषधं बंद केली आणि मल्हारीला पुढचं आधी सांगायला लागलो. यात्रेपूर्वी एका सकाळी त्याला पायीच नळदुर्गाला नेलं. माझ्या टाचांना फोड आले, त्याला काही झालं नाही. तिथल्या देवळातली देवाची जागा दाखवली. त्यानं फरशीवर तळहात टेकला. “हितं बसनार?”

“इथंच.”

“मग?”

“मग पौषात परत आपल्याकडे.”

देव नसताना घागर तुळशीला घालायची, असं काकूंनी ठरवून दिलं.

यात्रेच्या दिवशी हलगीचा कडकडाट त्याला सोसत नसे, म्हणून आम्ही दोघं शाळेच्या खोलीत बसलो. त्याच्या कानांत कापूस होता आणि माझ्या डोक्यावर गावानं बांधलेला मानाचा फेटा. “आता पालखी उचलतील,” मी सांगितलं. पण मानाचा विडा आधी कुणी घ्यायचा, यावर देवळात मंडळी अडून बसली आणि पालखी जागची हलेना.

“उचलली?”

‘बघू’ अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळून मी देवळाकडे धावलो आणि बघून आलो. “नाही. अजून बोलणं चाललंय.” तो पुन्हा विचारी, मी पुन्हा धावे. फेटा सुटून खांद्यावर आलेला, धोतराचा सोगा हातात, अशा थाटात माझ्या खेपा चाललेल्या पाहून गुरुजींचं पोट पुन्हा बिघडलं, असं गावाला वाटलं. एका भल्या माणसानं टमरेल भरून पुढं केलं.

 मल्हारीला उलटी झाली. पण तोंड पुसून तो विचारी, “मग?” आणि मी सांगे.

दुसऱ्या दिवशी देव गावात नव्हता. मल्हारीनं घागर आणून तुळशीला घातली आणि तो चुलीजवळ येऊन बसला. भाकरीचा चतकोर त्यानं खाल्ला आणि तो पोटात राहिला. धुरानं डोळ्यांत पाणी आलं, असं काकू म्हणाल्या. मी चुलीपासून चांगला लांब होतो, तरी मलाही तेच कारण सांगावं लागलं.

एवढ्यानं तो बरा झाला, असं नाही. दर मार्गशीर्षात हात कापत, कळ येई. पण त्यानं पुन्हा अंथरूण धरलं नाही. मला त्याचा फार लळा लागला होता.

काही वर्षांनी माझी येरमाळ्याला बदली झाली. मी त्याला बरंच आधी सांगून ठेवलं. खोली कशी, पाणी कुठलं, सगळं त्यानं विचारून घेतलं. जायच्या दिवशी मी फाट्यावर ट्रंक घेऊन उभा होतो. मल्हारीला धीर देणारा मी, आणि माझ्याच पोटात गोळा आला होता. मल्हारी येऊन ट्रंकेच्या कडीकडे बघत उभा राहिला.

“कळ हाय?”

“हाय,” मी म्हणालो.

“सांगू?”

“सांग.”

“आता यष्टी येईल. ट्रंक वर टाकतील. तुमी खिडकीला बसाल. कंडाक्टर घंटी वाजवंल. तुळजापूर येईल. उस्मानाबाद येईल. मग येरमाळा. तितं आई न्हाय. भाकरी तुमीच करताल. करपंल. पर खाताल.”

लांबवर धुरळा दिसला.  मला पुढचं विचारायचा धीर होत नव्हता, पण विचारल्यावाचून गाडीत चढताही येईना.

“मग?” मी म्हणालो. “तू?”

“मी घरला जाईन,” तो म्हणाला. मग पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, “जेवीन.”