कोकण इलेव्हनचे दोनशे सव्वीस प्रेक्षक

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. कारण पुढे जे सांगणार आहे त्यात सौदी पोलीस आहेत, अमेरिकन रणगाडे आहेत आणि मधोमध मी आहे, डोक्यावर टोपी घालून एका रिकाम्या ड्रमवर बसलेला. यांत मूर्ख कोण, हे शेवटी विचारू नका. आत्ताच सांगून टाकतो. मी!

कुवेत पडलं त्या वर्षीचा हिवाळा. मी अमेरिकेतलं शिक्षण संपवून सौदीत अल-खोबरला आई-बाबांकडे आलो होतो. लोक तिथून सामान बांधून पळत होते आणि मी सामान घेऊन तिथे उतरत होतो. यावरून माझी थोडी कल्पना आली असेलच.

तर अमेरिकेत मी काय शिकलो? डिग्री सोडा. मी शिकलो ते आमच्या कॉलेजच्या तिकीट खिडकीत. आमचा फुटबॉलचा संघ सारखा हरायचा. ते त्यांचं लांबोडक्या चेंडूचं फुटबॉल हो! संघ हरतो म्हणून लोक येईनात, आणि लोक येईनात म्हणून संघ आणखी हरायचा. तिथे कॉलेजांचे गट असतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. आमच्या कॉन्फरन्सने शेवटी सांगितलं, गर्दी दाखवा नाहीतर चालते व्हा. आम्ही चालते झालो! त्या दिवशी रिकाम्या स्टेडियममध्ये बसून मी शपथ घेतली, की माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा एकही संघ असा मरू देणार नाही.

आणि अल-खोबरला आल्यावर दुसऱ्याच शुक्रवारी मला मरायला टेकलेला संघ सापडला. कोकण इलेव्हन!

रत्नागिरी-रायगडकडची मंडळी. कोणी ड्रायव्हर, कोणी वेल्डर, कोणी बंदरावर. कप्तान इब्राहिमभाई, पंधरा वर्षं सौदीत, पोट थोडं सुटलेलं, पण पाय अजून शाबूत. दर शुक्रवारी दुपारची अस्रची नमाज झाली की एका भिंत घातलेल्या मोकळ्या प्लॉटवर हिंदुस्थानी कामगारांच्या संघांची लीग चालायची. लीगचे अध्यक्ष कुरियनसाहेब, केरळचे. फुटबॉल म्हणजे त्यांचा देवच.

त्यांनी इब्राहिमभाईंना तोंडावर सांगितलं होतं, "अगला सीज़न छह टीम रहेगा, आठ नहीं. ग्राउंड का परमिशन मुश्किल है. जिसका पब्लिक है, वो रहेगा. तुम्हारा पब्लिक किधर है?"

इब्राहिमभाई मला म्हणाले, "अर्धी माणसं गावाला गेली रे बाबा. जी राहिलीत त्यांना आठवड्यातून ही एवढीच दीड तासाची मजा. एरवी बातम्या ऐकायच्या नि घाबरायचं. हीपण गेली तर मग खोलीत बसून काय भिंती मोजायच्या?"

माझं रक्त उसळलं. मी म्हणालो, "इब्राहिमभाई, मी आहे!"

ते म्हणाले, "तू खेळतोस?"

"नाही. मी मोजतो."

माझ्याकडे तिकीट खिडकीतून आठवण म्हणून आणलेलं मोजायचं यंत्र होतं. मुठीत धरायचं, अंगठ्याने दाबलं की टक्! आकडा एकने पुढे. माझं तत्त्वज्ञान असं, की गर्दी मोजायला लागलं की गर्दी वाढते. हसू नका, तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो.

भिंतीला रस्त्याच्या बाजूने एक भगदाड होतं, तेच आमचं फाटक. मी भगदाडाबाहेर ड्रम ठेवला, मैदानाकडे पाठ केली, कॉलेजची टोपी घातली आणि बसलो. माणूस आत शिरला की टक्! दर दहा मिनिटांनी वहीत आकडा. उत्तरेकडून किती, दक्षिणेकडून किती, घोळक्याने किती. शास्त्रशुद्ध काम!

पहिल्याच शुक्रवारी किती झाले असतील? दोनशे सव्वीस!

मी नाचत आत गेलो तेव्हा सामना संपला होता. इब्राहिमभाई घाम पुसत म्हणाले, "दोनशे सव्वीस? मला तर चार माणसं दिसली."

"तुमचं लक्ष बॉलकडे असतं, इब्राहिमभाई. माझं फाटकावर असतं. गर्दी फाटकावर मोजायची असते!"

"पण मग माणसं गेली कुठं?"

"पांगली असतील!"

एवढ्या शिकलेल्या मुलाशी कोण वाद घालणार? त्यांनी मान हलवली. मी आकडा कागदावर टाइप करून कुरियनसाहेबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "नेक्स्ट फ्रायडे मैं खुद देखेगा."

घरी बाबांना हे सगळं उत्साहाने सांगितलं. बाबा तेलकंपनीत इंजिनिअर, मूळचे नाशिकचे. मोजकं बोलतात. म्हणाले, "सध्या रस्त्यावर वही-पेन घेऊन बसू नकोस. दिवस बरे नाहीत."

मी म्हणालो, "बाबा, हीच ती वृत्ती! हिच्यामुळेच आपले संघ मरतात!"

बाबांनी पेपर उचलून तोंडापुढे धरला.

पुढचा शुक्रवार. मी ड्रमवर. टक्, टक्, टक्! माणसांची नुसती रीघ. आणि त्याच वेळी रस्त्यावरून अमेरिकन फौजेचा ताफा निघाला, उत्तरेकडे. ट्रकमागून ट्रक, लांबलचक ट्रेलरवर रणगाडे. मला त्याचं काय! माझा अंगठा चाललाय. टक्, टक्! वहीत लिहिलं, 'चार वाजून वीस मिनिटं, उत्तरेकडून चव्वेचाळीस.'

एक सावली वहीवर पडली.

वर बघितलं तर पोलीस अधिकारी. मागे जीप, जीपमध्ये अजून दोघे.

"एश हादा?"

हे काय आहे, असं तो विचारत होता. मी अभिमानाने यंत्र दाखवलं. आणि नीट समजावं म्हणून, काय करावं मी? त्याच्यासमोर एकदा दाबूनही दाखवलं. टक्! नेमका त्याच क्षणी एक रणगाडा समोरून गेला.

अधिकाऱ्याने रणगाड्याकडे बघितलं. मग यंत्राकडे. मग वहीतल्या 'उत्तरेकडून चव्वेचाळीस'कडे. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की त्याच्या नजरेने गेले दोन शुक्रवार हा मुलगा रस्त्याकडे तोंड करून, युद्धाच्या तोंडावर, फौजेच्या वाटेवर बसून मोजतोय आणि लिहितोय!

"इकामा?"

इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. माझ्याकडे कुठला? मी व्हिजिट व्हिसावर आलेला, पासपोर्ट बाबांच्या कपाटात.

माझी कॉलर त्याच्या मुठीत गेली. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "इब्राहिमभाऽऽई!"

इब्राहिमभाई चालू सामना टाकून अर्ध्या चड्डीत धावत आले. त्यांचं अरबी पाण्यासारखं. हातवारे करत बोलले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यांना सांगितलं, की तू प्रेक्षक मोजतोस. ते म्हणतात, दाखव. वहीत आज एकशे ऐंशी लिहिलेत ना? चला, दाखव एकशे ऐंशी माणसं."

आकडे खोटं बोलत नाहीत! मी ताठ मानेने अधिकाऱ्याला भगदाडातून आत नेलं.

आत बाकावर चार माणसं होती.

एक कुरियनसाहेब. एक गोलकीपरचा चुलतभाऊ, ताप आला म्हणून उन्हाला बसलेला. आणि दोघे बाकावर आडवे होऊन झोपलेले.

चार! मला वाटलं माझे डोळे गेले. "अहो, पण आत्ताच तर... इथूनच तर आत..."

तेवढ्यात भगदाडातून पाच-सहा जण शिरले. मैदानाकडे ढुंकूनही न बघता कोपरा कापत पलीकडच्या दुसऱ्या भगदाडातून बाहेर पडले. आणि तिकडून आठ-दहा जण आत येत होते. प्रत्येकाच्या हातात कागदात गुंडाळलेली, तव्यापेक्षा मोठी, वाफाळती तमीस रोटी!

इब्राहिमभाईंनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या! मागच्या गल्लीत अफगाणाची भट्टी आहे. अस्रच्या नमाजेला बंद होते, नमाज झाली की उघडते. सगळं खोबर याच वाटेने रोटी आणायला जातं!"

म्हणजे माझे दोनशे सव्वीस प्रेक्षक रोटीला निघाले होते! जे पुन्हा वळसा घालून माझ्या अंगावरून आत शिरले, ते तर दुसऱ्या रोटीचे होते. मी त्यांनाही मोजलं होतं! रोटी घेऊन बाहेर पडणाऱ्यांकडे मात्र कधी बघितलंच नव्हतं; मोजायचे ते आत जाणारे ना!

अधिकाऱ्याचा चेहरा अजून दगडासारखा. चार माणसं आणि वहीत एकशे ऐंशी? त्याचा संशय उलट वाढला. त्याने जीपकडे बोट केलं. "यल्ला!"

तेव्हा इब्राहिमभाई हात जोडून काहीतरी बोलले. अधिकारी थबकला, त्याने मला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं आणि एकदम असा हसला, की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"काय सांगितलंत त्याला?" मी विचारलं.

"सांगितलं, की साहेब, हा हेर नाही. हा शिकलेला आहे."

यंत्र आणि वही जप्त झाली. "खलास," अधिकारी म्हणाला, आणि माझी कॉलर सुटली.

मी मान वर केली आणि पुन्हा हादरलो! भिंतीवर माणसं, भगदाडात माणसं, बाकांवर उभी माणसं. पोलिसांनी कोणाला तरी धरलंय म्हटल्यावर भट्टीवरची अख्खी रांग रोटी सोडून आत आली होती! आणि आलेच आहेत तर सामना तरी बघू म्हणून तिथेच थांबली. आमच्या पोरांनी एवढी माणसं जन्मात बघितली नव्हती. चेकाळून त्यांनी दोन गोल ठोकले आणि इब्राहिमभाई चड्डी सावरत आडवे-तिडवे धावले!

कुरियनसाहेबांनी बोट फिरवत माणसं मोजली आणि डायरीत लिहिलं, "कोकण इलेव्हन रहेगा. पब्लिक है."

संघ वाचला! अमेरिकेत जमलं नाही ते मी अल-खोबरला करून दाखवलं. घरी बाबा पेपर खाली न घेता म्हणाले, "वही कुठे आहे?"

पुढच्या शुक्रवारी आम्ही मैदानात उतरायच्या आधीच भिंत माणसांनी भरलेली! माझे डोळे भरून आले. मी मुकाट बाकावर, मैदानाकडे तोंड करून बसलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. लोक खेळ सोडून माझ्याकडेच टक लावून बसलेले.

शेवटी पुढच्या रांगेतला एकजण इब्राहिमभाईंना म्हणाला, "भाई, आज इसको कितने बजे पकड़ेंगे? रोटी ठंडी हो रही है."

"आज नहीं पकड़ेंगे," इब्राहिमभाई म्हणाले.

पाच मिनिटांत बाकावर चार माणसं उरली. आणि त्यांतला एक मी होतो.