सुधीरचे दोन डिपर

मी अमरावतीत एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. सर्किट अपुरं असेल तर दिवा लागत नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसलाय. भुताखेतांच्या गोष्टी कुणी काढल्या की मी चहा ठेवायला उठायचे. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण लिहिते. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

आमचं घर बडनेरा रोडच्या आत, एका बोळात. घरात मी आणि माझे सासरे — आमच्याकडे मामाजी म्हणतात. माझा नवरा सुधीर मागच्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. तो रोज संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी आला की गाडीचे दोन डिपर मारायचा, हेडलाइट दोनदा लावून विझवायचा. ओसरीवर बसलेले मामाजी म्हणायचे, "आला पोट्टा! वाढ वं माय," आणि हात धुवायला उठायचे.

सुधीर गेल्यावर मामाजींचं विसरणं वाढलं. दिवस मावळला की प्रश्न सुरू — "सुधीर आला नाई काहून अजून?" खरं सांगितलं की रडायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ताट तसंच राहायचं. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला. शेवटी मी युक्ती काढली. सुधीरची गाडी मीच चालवू लागले होते, तर क्लासवरून येताना बोळाच्या तोंडाशी दोन डिपर मारायचे! मामाजी हात धुवायला उठायचे, आणि ताटावर बसेपर्यंत कोण आलं ते विसरून जायचे — असं आपलं मला वाटायचं. फसवणूक म्हणा हवं तर. पण भाकर पोटात जात होती.

गेल्या हिवाळ्यात अकोल्याला भावाकडे गेले होते. परतताना मूर्तिजापूरच्या पुढे, भर दुपारी, तुरीच्या वावरातून एक रोही — नीलगाय हो — सुसाट निघालं, गाडीच्या नाकावर आपटलं आणि पळूनही गेलं. मला खरचटलंसुद्धा नाही. दोन्ही हेडलाइट मात्र फुटले.

आमचे इलेक्ट्रिशियन रफीकभाई. गाडी जुनी, तिचे लाइट मिळेनात, म्हणून त्यांनी अकोल्याहून पुढच्या मॉडेलचे मागवले आणि घरी येऊन बसवले. खाचेत अगदी फिट्ट. मग बॉनेटमध्ये डोकं घालून वायरी उलटसुलट करून पाहू लागले.

"ताई, कनेक्टर जमून नाई राहिला. गाडीचा प्लग चपटा, अन् याचं सॉकेट गोल. वायर कापून डायरेक्ट जोडू काय?"

"नको," मी म्हटलं. सुधीरने त्या गाडीची एकही वायर कुणाला कापू दिली नव्हती.

"मंग थांबा. जोड भेटते काय पाहतो." त्यांनी गाडीचे दोन्ही प्लग काळ्या टेपने गुंडाळून लोंबते ठेवले, बॅटरीची वायरही काढली. गाडी अंगणात उभी, तोंड ओसरीकडे.

आणि आमचे डिपर बंद झाले. मामाजी आधी अर्ध्या भाकरीवर आले, मग नुसत्या दुधावर, मग दूधही सरकवू लागले. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर ॲडमिट करावं लागेल. मी बोळाच्या तोंडाशी उभं राहून मोबाइलचा टॉर्चसुद्धा मारून पाहिला. मामाजी ओसरीवरून ओरडले, "कोन हाय रे तो बॅटरीवाला?"

त्या संध्याकाळी सूर्य नुकताच मावळला होता. मी त्यांच्यासमोर भाकर आणि वांग्याची भाजी घेऊन बसले होते. "दोन घास, मामाजी." त्यांनी मान फिरवली. तेवढ्यात अंगणातल्या गाडीचे दोन्ही लाइट लागले. विझले. जरा थांबून... पुन्हा लागले. पिवळट उजेड मामाजींच्या धोतरावर, ताटातल्या भाकरीवर पडलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. फाटक बंद होतं. बोळात गाडी नव्हती.

मामाजी उठले. हात धुतले. "वाढ वं माय."

त्यांच्यापुढे ताट सरकवून मी धावले, बॉनेट उघडलं. टेप गुंडाळलेले प्लग तसेच लोंबत होते, बॅटरीची वायर बाजूला. भीती म्हणाल तर वाटली नाही. सुधीर आला होता, एवढंच वाटलं, आणि मी गाडीवर कपाळ टेकवून रडले.

परत आले तर मामाजींची भाकर संपत आली होती. म्हणाले, "रडून काहून राहिली? रोज तू देत होती. आज त्यानं देल्ला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"कधी ध्यानात राहते, कधी नाई. पन डिपर समजते ना. तुहे लगबगीचे, एकावर एक. तो एक देऊन थांबे, मंग दुसरा दे. माह्या पोराचा डिपर मले समजनार नाई काय?"

"मग माझ्या डिपरवर जेवत कसे होता?"

"तू दिवसभर उभी राहून दमून येत होती, अन् तरी माह्यासाठी डिपर मारत होती. मंग ताट परत कसं करू?" भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "मधात बंद झाले. मले वाटलं, पोरगी थकली आता माह्यापाई."

मी त्यांना अजून अर्धी भाकर वाढली.

दुसऱ्या दिवशी रफीकभाईंनी फुटलेल्या लाइटातून जुनं सॉकेट काढलं, त्याला नव्या लाइटात बसणारा गोल प्लग जोडला आणि हा तुकडा मध्ये बसवला. गाडीची एकही वायर कापावी लागली नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "करंट नाई तर लाइट नाई, ताई. पन तुमी खोटं बोलनाऱ्या बी नाई." नव्या लाइटांचा उजेड पांढराशुभ्र पडला. त्या संध्याकाळचा पिवळट होता, आमच्या फुटलेल्या लाइटांसारखा. मी खूप डोकं चालवलं. वहीत सर्किटही काढून पाहिलं; ते अपुरंच.

मी अजून रोज बोळाच्या तोंडाशी दोन डिपर मारते. सुधीरसारखे थांबून मारून पाहिले, तर मामाजी रागावले, "तू तुह्यासारखे मार!" मग लगबगीचे, एकावर एक. ओसरीवरून आवाज येतो, "आली पोट्टी!" आणि ते हात धुवायला उठतात.