गल्लीतल्या रिकाम्या भिंती

आज गल्लीतल्या सगळ्यांनी दुकानांची दारं अर्धीच उघडली. सकाळी बंदराकडून गोळीबार ऐकू आला, आणि रेडिओवर बातम्यांऐवजी नुसतं संगीत चाललंय. सरकारचा प्रमुख कोण उरला, कुणालाच ठाऊक नाही. इथे येमेनमध्ये, एडनला मात्र दुकानात त्याचा फोटो लागतोच. माझे मालक, शिंपी सालेमचाचा, नेता बदलला की दर वेळी त्याच चौकटीत नवा फोटो जुन्यावरच सरकवतात. म्हणतात, "काच महाग आहे बाबा, नेते स्वस्त."

चुकीचा फोटो दिसला तर चाचांना उचलून नेतील. ते हळूच म्हणाले, "तू परदेशी, तुला कोण विचारतंय? बघून ये, बाकीच्यांनी कुणाचा लावलाय." सातवीत शाळा सोडून रत्नागिरीहून आलेल्या मला त्यांनी सुई धरण्यापासून शिकवलं. नाही कसं म्हणू?

पाववाल्याची भिंत रिकामी. न्हाव्याची रिकामी. दोघेही माझ्या तोंडाकडेच बघत होते, जसं काही मलाच आतली बातमी होती. इतकी वर्षं वाटायचं, भीती वरून येते. आज शेजारी शेजाऱ्याच्या भिंतीला भीत होता. आमच्याकडे सरपंच बदलला की लोक निदान पारावर बसून मोठ्याने भांडतात तरी.

"कुणीच लावला नाही, चाचा."

त्यांनी फोटो उतरवून कापडाच्या गठ्ठ्याखाली सारला. "बस मशीनवर. पायजम्याला नेता लागत नाही."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सैनिकांची गाडी थांबली. मी मान वर करून बघितलं आणि शिवण वाकडी गेली. एरवी चाचा वाकडी शिवण तिथल्या तिथे उसवायला लावतात. आज दाराकडे बघत म्हणाले, "असू दे. चालव तशीच, थांबू नकोस."