खिडकीवर औषध नाही, कोर्टात तारीख आहे

दवाखान्याच्या आणि कोर्टाच्या, अशा दोन्हीकडच्या पायऱ्या झिजवणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. दोन्हीकडे नुसतं बसायचंच असतं. बसलेली माणसं बोलणार नाहीत तर काय करतील?

आमच्या सोलापूरच्या टोळीचा आजार म्हणजे हिमोफिलिया. लागलं की रक्त थांबत नाही. न लागताही गुडघ्यात, पोटात आतल्या आत वाहतं. ‘फॅक्टर’चं इंजेक्शन वेळेत मिळालं तर माणूस चालत घरी जातो. नाही मिळालं तर काय होतं, ते माझा डावा गुडघा बघा! बाहेर विकत घेणं आमच्या ऐपतीबाहेरचं. सरकारी दवाखान्यात मात्र ते फुकट आहे. फक्त नसतं!

*

आमची म्होरकी शमशादबी. शिवणकाम करते, तिच्या इम्रानला हा आजार. एकदा औषधाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, “वरून आलं नाही.”

ही तडक जिना चढून वरच्या स्टोअरमध्ये. तिथले साहेब म्हणाले, “खालून मागणीच आली नाही.”

शमशादबी खाली आली आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, “चला रे, जिन्यात शोधू! तितंच कुटंतरी अडकलंय!”

*

मग कोल्हापूरच्या हायकोर्टात जायचं ठरलं. इम्रानचे कागद पूर्ण होते, म्हणून केस आमच्या सगळ्यांची असली तरी कागदावर अर्जदार एकटी शमशादबी. सही करायच्या दिवशी तिचा दीर धावत आला.

“भाभी, नक्को! सरकारशी वैर घेतलं तर पोराचं औषध बंद करतील.”

“चालू कुटं हाय, बंद करायला?” असं म्हणून तिनं सही ठोकली.

*

आमच्या वकीलबाई म्हणजे अश्विनीताई. पहिल्याच बैठकीत त्यांनी समजावलं, “जगण्याचा हक्क संविधानात लिहिलेला आहे. औषध ही मेहेरबानी नाही.”

दुधनीचा मल्लप्पा भुसार दुकानात हमालांचा हिशेब बघतो. तोही आमच्यातलाच. तो म्हणाला, “ताई, हे खिडकीवाल्याला म्हाईत न्हाय की! मला लिहून द्या, चिकटवतो.”

आणि खरंच चिकटवलं! रखवालदारानं फाडलं. यानं पुन्हा लावलं, त्यानं पुन्हा फाडलं. शेवटी मल्लप्पानं चिडून तेच कानडीत लिहून लावलं. रखवालदार निघाला अक्कलकोटकडचा, घरी कानडीच बोलणारा! त्यानं उभ्या उभ्या सगळं वाचलं, आत गेला आणि चांगली रुंद चिकटपट्टी घेऊन आला.

*

पहिला आदेश निघाला. आम्ही सगळ्यांसाठी मागितलं होतं, पण तूर्त मिळालं ते फक्त अर्जदाराला. इम्रानला फॅक्टर, बाकीच्यांना तीच खिडकी आणि तेच उत्तर. मला तर असा संताप आला, की काठी आपटून मोडली. गुडघ्याला ते परवडणारं नव्हतं.

खिडकीवर नवीन प्रश्न सुरू झाला, “अर्जदार आहात का?”

ही बातमी दवाखानाभर पसरली. दुसऱ्या आठवड्यात शुगरच्या गोळ्यांसाठी आलेल्या एक आजी नोंदणीच्या खिडकीत डोकं घालून म्हणाल्या, “बाळा, साधा केसपेपर नको. अर्जदाराचा दे!”

*

लवकरच आम्हाला सरकारी पाऊसपाणी कळलं. कोर्टाची तारीख जवळ आली की साठा यायचा, तारीख पडून गेली की आटायचा. एकदा डॉक्टर मल्लप्पाला म्हणाले, “पुढच्या तारखेला या.”

तो म्हणाला, “तुमच्या का कोर्टाच्या? कोर्टाच्या असंल तर येतो, नायतर हेलपाटा हुतो.”

*

अखेर सगळ्यांसाठीच्या मागणीवर सुनावणी लागली. आदल्या दिवशी दुपारी शमशादबीच्या दारात चक्क दवाखान्याची गाडी! इम्रानचं फॅक्टर, बर्फाच्या डब्यात, घरपोच. गल्ली गोळा झाली.

अश्विनीताई फोनवर म्हणाल्या, “डाव ओळखा. उद्या सांगतील, अर्जदाराला औषध पोचलं, आता तक्रार उरली नाही, केस निकाली काढा.”

त्याच संध्याकाळी मल्लप्पाला दुधनीहून आणलं. पोटात रक्तस्राव, चेहरा कागदासारखा पांढरा. मी खिडकीवर भांडत होतो आणि आतून एकच पाढा, “अर्जदारापुरतंच होतं, ते दिलं.” मी शमशादबीला फोन केला. मल्लप्पाचं सांगितलं, पण काय मागावं ते कळेना. मी नुसता रडलो.

ती रिक्षातून डबा घेऊन आली. मागोमाग लंगडत इम्रान. त्याचाही घोटा सकाळपासून सुजलेला, इंजेक्शन अजून टोचायचंच होतं.

ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाई कचरल्या. “अहो, यावर तुमच्या मुलाचं नाव आहे.”

“नाव डब्यावर हाय, औषधावर न्हाय. टोचा!”

बाईंनी इम्रानकडे बघितलं. तो म्हणाला, “माझा घोटा थांबंल. त्याचं पोट न्हाय थांबनार.”

मल्लप्पा वाचला.

सकाळी कोल्हापूरच्या वाटेवर मी अश्विनीताईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “कोर्टानं विचारलं, तर खरं तेच सांगायचं.”

कोर्टात सरकारी वकील उठले. अर्जदाराला औषध घरपोच दिलं आहे, पोचपावतीवर सही आहे, आता याचिकेत काही राहिलं नाही, असं त्यांनी मोठ्या थाटात सांगितलं. न्यायमूर्तींनी मागे बसलेल्या शमशादबीकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, “बाई, औषध मिळालं का?”

शमशादबी उभी राहिली, पदर सावरला.

“मिळालं साहेब. काल दुधनीच्या मल्लप्पाच्या शिरेत गेलं. आता माज्या इम्रानचं द्या की!”