मागची खिडकी

आमच्या पेडण्याच्या घराची मापं घ्यायला आलेली वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी मागच्या भिंतीपाशी थांबली. "काका, ही एवढीशी खिडकी कशाला?" तिने झडप उघडली आणि मागच्या बागेतल्या, आमच्या कुळागरातल्या ओल्या सुपारीचा वास आत आला.

गोवा घटकराज्य झालं त्या दिवशीही तो वास होता. बाबा पुढच्या सोप्यावर गावाला पेडे वाटत होते, ताट माझ्या हातात होतं. आमच्या पोफळींत राबण्यात जन्म घालवलेली सावित्री नवं लुगडं नेसून पहिल्यांदाच पुढच्या पायऱ्या चढली. 'सगळ्यांनी या' हा निरोप तिलाही गेला होता. बाबा हसून, अगदी मायेने म्हणाले, "सावित्री, तू फाटल्या जनेलार यो गो."

"व्हय, भाटकार," मालकाला एवढंच म्हणून ती घराला वळसा घालून मागच्या खिडकीशी गेली. खिडकीतून तिची ओंजळ आत आली. बाबांनी आत येऊन वरून पेडा टाकला, बोट लागू दिलं नाही. गड्यांना रोजची भाकरीही तिथूनच मिळायची. पणजोबांनी ती खिडकी ओंजळीच्या मापाने बांधून घेतली होती.

"वाऱ्यासाठी," मी मान वर न करता म्हणालो.

"किती विचार करून बांधलंय!" ती मुलगी म्हणाली.