राक्षसाचे डोळे

माझा मित्र हमरापूरच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखतो आणि रविवारी रोह्याला माझ्याकडे येतो. आम्ही फाशांवर लढाईचा खेळ खेळतो. मी आणि शेजारचे दोघे वीर, राक्षस त्याचा. शाडूचा, वीतभर, दर वेळी नवा. खेळताना त्याला बसवत नाही. येरझाऱ्या घालतो, मध्येच वहीत राक्षसाची ताकद खोडून वाढवतो. मला वैताग येतो. पण राक्षसाला डोळे कधीच नसतात.

"आखले की जीव येतो त्यात," तो म्हणायचा. "मग माराल कसं?"

गेल्या रविवारी राक्षस मरायला टेकला. शेवटचा फासा माझा होता. त्याने खिशातून बारीक ब्रश आणि काळ्या रंगाची डबी काढली, दोन्ही डोळे आखले आणि पहिल्यांदाच स्वस्थ बसला.

"हां. आता टाक."

राक्षस माझ्याकडेच बघत होता. फासा मुठीतून सुटेना.