देवीपुढे न टाकलेल्या तीन चिठ्ठ्या

दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं आणि मी पाणी पिणं जवळपास सोडलंच होतं. उमापुरात टँकर चार-चार दिवसांनी यायचा, त्यामुळे सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, "आमची सून लई समजूतदार हाय, पानी वाचवती." खरं वेगळंच होतं. तिसऱ्या बाळंतपणापासून खोकलं, हसलं किंवा महिलांच्या दूध सोसायटीत कॅन उचलला, की लघवी निसटायची. प्यायलंच नाही तर गळेल कुठून, असं माझं शहाणपण! साडी धुवायलाही पाणी नसायचं. अशा अंगानं देवाला कसं शिवायचं, म्हणून दिवा लावणंही सोडलं. देवीशी बोलणं तुटलं, याचंच जास्त रडू यायचं.

शेवटी अंबाजोगाईला डॉक्टरबाईंना दाखवलं. कमी पाण्यानं त्रास वाढतोच, म्हणाल्या. मग तीन वाटा सांगितल्या. खालचे स्नायू आवळायचा व्यायाम, पण तीन महिने धीर हवा. योनीमार्गात बसवायची मऊ रिंग, ती काढून धुवावी लागते. नाहीतर लघवीच्या नळीला आतून पट्टीचा आधार देणारं ऑपरेशन, मग काही आठवडे ओझं उचलायचं नाही. क्वचित पट्टीचाही त्रास होतो. "ठरवा तुम्हीच." मला हसूच आलं. लग्नातला शालूसुद्धा मला विचारून घेतला नव्हता.

मी तीन चिठ्ठ्या लिहून देवीच्या देवळापाशी गेले. पायरीवर मेंढ्या वळणारी एक म्हातारी बसली होती. तिला म्हटलं, एवढ्या देवीपुढं टाका आणि एक उचलून आणा.

"काय हाय ह्यात?"

का कोण जाणे, त्या अनोळखी बाईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माजं आप्रेशन झालंय. थांबलं बग." मग मी विचारतच सुटले: दुखलं का, किती दिवस, मेंढ्या कुणी पाहिल्या?

"दीड महिना जावंनं वळल्या. तुजे कॅन कोन उचलंल?"

"कुणीच नाही."

"मग देवीला कावून इचारती?"

खरंच की. आधी व्यायाम, कामापुरती रिंग, माझं ठरलं. चिठ्ठ्या मुठीतच राहिल्या. "आता चल आत," ती म्हणाली. मी मागं सरले. "आईपुढं कसलं सोवळं गं?" म्हणत तिनं हात धरला.

ठरवायचं देवावर टाकणं म्हणजे शरण जाणं, असं मी समजत होते. गाभाऱ्यात डोकं टेकवलं आणि धुपानं शिंक आली. व्हायचं तेच झालं. पण मी उठले नाही. तशीच ओल्या साडीनं बसून राहिले आणि कितीतरी महिन्यांनी देवीशी पोटभर बोलले.